तार तुटते कुठे?

गाडीच्या विजेच्या दुखण्यांमध्ये सर्वांत जास्त छळतं ते ये-जा करणारं दुखणं. चाक खड्ड्यात आपटलं की मागचा दिवा विझतो आणि पुढच्या खड्ड्यात आपोआप पेटतो. घाटात इंजिनचा पिवळा दिवा लागतो, गॅरेजपर्यंत पोचेतो गेलेला असतो. मेकॅनिकसमोर गाडी अगदी शहाण्यासारखी वागते. तो बल्ब बदलतो, फ्यूज बघतो, बॅटरीची टर्मिनलं घासून देतो, आणि चार दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न. अशा वेळी दोष बहुतेकदा एखाद्या पार्टमध्ये नसतो, दोन पार्टांना जोडणाऱ्या वायरमध्ये असतो. ही वायर मन मानेल तिथे तुटत नाही. तिच्या तुटण्याच्या जागा ठरलेल्या असतात, आणि त्या ओळखता आल्या की वायर कुठे बांधायची आणि कुठे मोकळी सोडायची, हे फारसं शिकवावं लागत नाही.

आधी थरथरीचा हिशोब करू. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर नुसतं उभं चालू असेल, तर प्रत्येक फेरीला दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला २५ झटके. दोन तास ट्रॅफिकमध्ये अडकलात तर गाडी किलोमीटरभर सरकली नसेल, पण इंजिनवरच्या प्रत्येक वायरने १,८०,००० झटके खाल्लेले असतात. हायवेवर ३००० फेऱ्यांना हाच आकडा सेकंदाला १०० वर जातो, तासाला ३,६०,०००. यात रस्त्याचे हादरे धरलेलेच नाहीत. ते संख्येने कमी असले तरी वायर जास्त अंतर हलवतात.

एकेक झटका क्षुल्लक असतो, तरी त्यांनी धातू थकतो. हे पहिल्यांदा पद्धतशीर मोजलं ते रेल्वेवाल्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला युरोपात रेल्वेचे आस, वजनाने वाकायची काही चिन्हं नसताना, अचानक तुटत होते. प्रशियाच्या रेल्वेत नोकरी करणाऱ्या ऑगस्ट व्होलरने आस फिरवत ठेवून किती भाराला किती फेऱ्या टिकतात याच्या चाचण्या घेतल्या. पोलादाच्या बाबतीत दिलासा असा, की एका ठरावीक मर्यादेखालचा ताण त्याला जवळजवळ कायम सोसतो. तांब्याला अशी स्पष्ट मर्यादा नाही. त्याच्या खात्यावर प्रत्येक वाकणं जमा होत राहतं. वर तांबं वाकता वाकता कडक होतं आणि कडक झालेली जागा आणखी लवकर दगा देते. घरच्या वायरिंगची एकसंध तार दोन बोटांत धरून पुढे-मागे वाकवून पाहा. पहिल्यांदा ती मऊ वाटते, मग हट्टी होते, मग तुटते.

म्हणून गाडीत एकसंध तार वापरत नाहीत, बारीक तारांचा जुडगा वापरतात. फरक किती पडतो ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. दीड चौरस मिलिमीटरची तार एकसंध असेल तर तिची जाडी सुमारे १.४ मिलिमीटर. ती ५० मिलिमीटर त्रिज्येत वाकवली तर बाहेरच्या कडेचं तांबं जवळपास १.४ टक्के ताणलं जातं. तेवढंच तांबं पाव मिलिमीटरच्या ३० धाग्यांत विभागलं, तर त्याच वाकण्याला प्रत्येक धागा ताणला जातो फक्त पाव टक्का. ताण साडेपाच पट घटला म्हणून आयुष्य साडेपाच पटच वाढतं असं नाही, ते त्याच्या कितीतरी पट वाढतं. अट एकच: धागे एकमेकांवर मोकळे सरकले पाहिजेत. खराट्याच्या काड्या सुट्या असतात तोवर जुडगा हवा तसा लवतो. त्याच काड्या गोंदाने एकजीव करून वाकवायला गेलात तर कडकन मोडतील.

गाडीतल्या जोडाला सोल्डर का नको, याचं उत्तर इथेच आहे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा हात सोल्डरकडेच जातो. जोड चकचकीत दिसतो आणि प्रवाहही उत्तम जातो. पण वितळलेलं कथील धाग्यांच्या फटींतून इन्सुलेशनच्या आत वर चढतं. जिथवर ते चढलं तिथवर तीस धाग्यांची एकच जाड सळई होते, आणि त्याच्या पुढे पुन्हा मऊ जुडगा. हादरे बसले की सगळं वाकणं त्या सीमेवर गोळा होतं. जोड शाबूत राहतो आणि त्याच्यापासून दोन-चार मिलिमीटरवर, इन्सुलेशनच्या आत, धागे एकेक करून तुटतात. बाहेरून काही दिसत नाही. शेवटचे दोन-तीन धागे उरतात तेव्हा दिवा लुकलुकायला लागतो.

वायर थरथरीने तुटते असं आपण म्हणतो, पण निम्मंच म्हणतो. पूर्ण हलणाऱ्या वायरला फारसं काही होत नाही, पूर्ण स्थिर असलेल्या वायरलाही नाही. ती तुटते हलणारा भाग आणि न हलणारा भाग जिथे भेटतात तिथे. ही सीमा सोल्डरची असेल, कपलरच्या, म्हणजे वायरींच्या प्लग-जोडाच्या, तोंडाची असेल, नाहीतर करकचून आवळलेल्या केबल टायच्या कडेची. बांधणाऱ्याच्या हातात दोनच गोष्टी असतात: सीमा जोडापासून दूर नेणं, आणि वाकणं एका बिंदूत साठू न देता लांबीभर पसरवणं.

एखादं चांगलं क्रिम्प केलेलं, म्हणजे सोल्डरऐवजी दाबून बसवलेलं, टर्मिनल हातात घेऊन नीट बघा. पितळी पत्र्याच्या त्या नखाएवढ्या तुकड्याला मागे पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी उघड्या तांब्याला इतक्या दाबाने कवेत घेते की धागे एकमेकांत चेपून बसतात. वीज तिथून जाते. मागची जोडी तांब्याला शिवतही नाही. ती इन्सुलेशनला धरते, तेही मऊ, न कापता. विजेच्या दृष्टीने तिचं काम शून्य. तिचं काम एवढंच की वायर हलली तर तिचं वाकणं उघड्या तांब्यापर्यंत पोचू नये. घाईतला माणूस साध्या पकडीने दाबतो तेव्हा पुढची जोडी बसते आणि मागची तशीच उघडी राहते. असा जोड त्या दिवशी छान चालतो.

हीच युक्ती मोठ्या प्रमाणात करायची म्हणजे कपलरपासून पाच-सहा बोटांच्या आत वायरला पहिली क्लिप. पण ती कशावर, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. कपलर इंजिनवरच्या सेन्सरचा असेल तर पहिली क्लिपही इंजिनवरच हवी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. सेल्फ मारला, गिअर टाकला, ॲक्सिलरेटर दाबला की ते बॉडीच्या मानाने चांगलंच डुलतं. कपलर इंजिनवर आणि पहिली क्लिप बॉडीवर असेल तर प्रत्येक डुलकीला तो कपलर ओढला जातो. म्हणून वायर इंजिनवर एकदा बांधायची, बॉडीवर एकदा, आणि दोन्हींच्या मध्ये ऐसपैस झोळ सोडायचा. डुलणं सगळं त्या झोळाने पचवायचं. हा झोळ पाहून नवशिक्याला तो गबाळेपणा वाटतो. मग टाय आणून तो झोळ आवळतो आणि स्वतःच्या नीटनेटकेपणावर खूश होतो. वायरिंगमध्ये नीटनेटकेपणा हा गुण आहे, पण त्याच्यामुळे मोडलेल्या गाड्याही कमी नसतील.

इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये विजेसाठी आणखी एक पूल असतो: अर्थिंगची पट्टी. तांब्याच्या बारीक धाग्यांची ती विणलेली चपटी वेणी असते, कारण सेल्फचा शे-दोनशे अँपिअरचा प्रवाह तिच्यातून जातो आणि तरी तिला लवचीक राहावं लागतं. ही वेणी थकून तुटली की विचित्र खेळ सुरू होतो. सेल्फला परतीचा रस्ता लागतोच. मग तो क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या पोलादी केबलमधून वाट काढतो. केबल तापते, तिचं आतलं अस्तर वितळतं आणि क्लच जड होतो. मालक क्लचची केबल बदलतो. महिन्याभरात नवी केबलही तशीच जाते.

मोटरसायकलमध्ये हलत्या आणि स्थिर भागांमधला वायरींचा पूल हँडल आणि चासी यांच्यामध्ये असतो. हॉर्न, इंडिकेटर, चावी यांच्या वायरी हँडलच्या गळ्याशी वळतात आणि जुन्या गाड्यांत नेमक्या तिथेच तुटतात. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की हॉर्न बंद, सरळ केलं की चालू, हे लक्षण तिथलंच. उपाय म्हणजे वायर हँडलच्या अक्षाच्या शक्य तितक्या जवळून, लांब आणि सैल वळणाने न्यायची. मग ती एका जागी मुडपत नाही, लांबीभर थोडी थोडी पिळली जाते. कारच्या दारात बिजागरीपाशी जो चुण्यांचा रबरी पाईप दिसतो त्याच्या आतही हेच केलेलं असतं. पिळणं लांब वायरवर पसरतं; मुडपणं एका कोपऱ्यावर येतं.

आता दोन क्लिपांमधल्या अंतराचं. लटकणाऱ्या वायरचा तुकडा स्वतःच्या एका लयीत हलतो, आणि इंजिनची लय त्या लयीला जुळली की थरथर कित्येक पटींनी वाढते. उभ्या गाडीत बॉनेट उघडून बघा: सगळ्या वायरी किंचित थरथरत असताना एखादीच जोरजोरात झुलत असते. ॲक्सिलरेटर थोडा दाबला की ती शांत होते आणि दुसरी सुरू होते. उपाय सोपा आहे. वायरसारख्या कडक जुडग्याचं मोकळं अंतर निम्मं केलं की त्याची लय साधारण चौपट वर जाते आणि इंजिनच्या आवाक्याबाहेर निघते. मध्ये एक क्लिप, काम झालं. विमानाच्या वायरिंगसाठी अमेरिकेच्या एफएए या संस्थेच्या मार्गदर्शिकेत यासाठी एक साधी चाचणी दिली आहे: दोन आधारांच्या मध्ये वायरचा जुडगा हाताने हलका दाबला तर अर्ध्या इंचाहून, म्हणजे साधारण १३ मिलिमीटरहून जास्त खाली जाऊ नये. वळणासाठी तीच मार्गदर्शिका म्हणते की जुडग्यातल्या सर्वांत जाड वायरच्या किमान दसपट त्रिज्या ठेवा. रस्त्यावरच्या गाडीलाही ही दोन्ही मापं चांगली लागू पडतात.

बांधायचं कशाने, ही गोष्टही मजेची आहे. नायलॉनचा केबल टाय आला तो विमानांमुळे. त्याआधी जहाजं, टेलिफोन एक्स्चेंज आणि विमानं यांतल्या वायरी मेण लावलेल्या दोऱ्याने, ठरावीक अंतरावर गाठी मारत ओवल्यासारख्या बांधत. थॉमस अँड बेट्स कंपनीच्या मॉरस लोगन यांनी १९५६ मध्ये बोइंगच्या कारखान्यात हे काम पाहिलं. विमानातल्या हजारो फुटांच्या वायरी हाताने गाठी मारून बांधताना कामगारांची बोटं सोलवटत होती. लोगन यांनी १९५८ मध्ये खाचांची पट्टी आणि डोक्यात अडकण असलेला टाय काढला. सुरुवातीला ती अडकण धातूची होती. आज गल्लीतल्या दुकानात त्यांचं शंभराचं पाकीट मिळतं. दोरा मात्र संपला नाही. नासाच्या यानांत वायरी अजून दोऱ्याने बांधतात, मंगळावर २०१२ मध्ये उतरलेल्या क्युरिऑसिटीतही त्या गाठी आहेत. सपाट दोरा इन्सुलेशनला चावत नाही, त्याला टोकदार शेपूट नसते आणि त्याचं डोकं सुटून कुठे उडत नाही. रॉकेट सुटतानाच्या हादऱ्यांना एवढं पुरतं.

टाय वापरताना दोन खोड्या टाळाव्यात. जोर लावून तो इतका आवळायचा नाही की इन्सुलेशनला खाच पडेल. वायर हाताने सरकू नये पण चेपूही नये, एवढंच. आणि टायने वायर कधीही ब्रेकच्या नाहीतर पेट्रोलच्या नळीला बांधायची नाही. जागा सोयीची असते, सरळ जाणारी असते, म्हणूनच मोह होतो. वायर शॉर्ट झाली तर ती तापणार त्या नळीवर.

थरथरीचा दुसरा घाव घासण्याचा. तो तुटण्यापेक्षा वाईट, कारण तुटलेली वायर दिवा घालवते आणि सोललेली वायर आग लावू शकते. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना त्यात रबरी ग्रोमेट बसवतात ते याचसाठी. इंजिन आणि केबिनमधल्या पडद्यातून हॉर्नची नाहीतर म्युझिक सिस्टिमची वायर ओढताना ग्रोमेट विसरला की भोकाची कड एखाद्या कानशीसारखं काम करते. तिला घाई नसते, वर्षभर लागलं तरी चालतं. बहुतेक सर्किटांत फ्यूज उडतो आणि निभावतं. पण बॅटरीकडून सेल्फकडे जाणाऱ्या जाड केबलवर अनेक गाड्यांत फ्यूजच नसतो. ती चासीला घासून उघडी पडली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि मध्ये अडवायला कोणी नसतं. बॉनेटखाली एकच वायर तपासायला वेळ असेल तर ही तपासावी.

विमानांत या घासण्याने केवढा घोर लावला होता, त्याचं उदाहरण १९९८ चं आहे. जुन्या बोइंग ७३७ विमानांच्या पंखांतल्या इंधनटाक्यांमध्ये पंपाच्या वायरी ॲल्युमिनियमच्या नळीतून नेलेल्या होत्या. सुरक्षेसाठीच नळी, पण आत वायरी मोकळ्या होत्या, आणि वर्षानुवर्षांच्या थरथरीने त्यांचं इन्सुलेशन नळीच्या भिंतीवर घासून गेलेलं आढळलं. त्याच वर्षी मे महिन्यात एफएएने जास्त तास उडालेली जुनी ७३७ विमानं तपासल्याशिवाय उडवायची नाहीत असा आदेश काढला. वायर नळीत घातली म्हणजे ती सुरक्षित झाली, हा समज त्या तपासणीने खोटा पाडला. नळीच्या आतही वायर बसती हवी. कारमध्ये चुण्यांच्या काळ्या नळीत वायरी खुळखुळत असतील तर तोच प्रकार घडतो. म्हणून चांगल्या हार्नेसमध्ये, म्हणजे गाडीच्या वायरींच्या तयार बांधलेल्या जुडग्यामध्ये, आत आधी कापडी टेप गुंडाळलेली असते. दुकानातली काळी चिकट टेप त्या जागी चालत नाही. इंजिनच्या उष्णतेने तिचा गोंद वितळतो, टेप सुटते आणि मागे चिकटा राहतो.

तिसरा घाव डोळ्यांना दिसतच नाही, आणि मला तो तिन्हींत सर्वांत रंजक वाटतो. कपलरच्या आत पिन आणि सॉकेट दोन्हींवर कथलाचा मुलामा असतो. थरथरीने त्या एकमेकींवर मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढ्या सरकत राहतात. प्रत्येक सरकण्याला थोडं कथील खरवडलं जातं, त्याचं लगेच ऑक्साइड होतं, आणि ऑक्साइड वीज नीट वाहू देत नाही. काही हजार किलोमीटरनंतर त्या ठिपक्याएवढ्या जागेत काळसर भुकटी साचते. वायर ठीक, सेन्सर ठीक, तरी इंजिनच्या कॉम्प्युटरला चुकीचा आकडा मिळतो. मेकॅनिक कपलर काढतो, फुंकर मारतो, पुन्हा लावतो आणि गाडी ठणठणीत होते. फुंकरीने काहीच झालेलं नसतं; काढताना-लावताना पिनेवरची भुकटी घासून निघालेली असते. म्हणून दुखणं काही महिन्यांनी परत येतं. खरा उपाय वायरला कपलरच्या जवळ क्लिप देऊन तिची थरथर आतल्या पिनांपर्यंत पोचू न देणं. एअरबॅगसारख्या ठिकाणी पिनांवर सोन्याचा मुलामा देतात, कारण सोन्याचं ऑक्साइड होत नाही.

इतका विचार केलेला हार्नेस बनतो मात्र हातानेच. खुंट्या ठोकलेल्या मोठ्या फळीवर कामगार एकेक वायर अंथरतात, टेप गुंडाळतात, ठरल्या जागी क्लिपा बसवतात. वाकणारी, लोंबणारी वस्तू हाताळणं यंत्राला अजून नीट जमलेलं नाही. हे हात थांबले की गाड्याही थांबतात: मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधले हार्नेसचे कारखाने युद्धामुळे अडले तेव्हा फोक्सवागन आणि बीएमडब्ल्यू यांना युरोपातल्या काही कारखान्यांत उत्पादन थांबवावं लागलं. कंपनीच्या गाडीत कोणती क्लिप कुठे हे असं फळीवरच ठरतं, आणि विजेचे पार्ट किती थरथर सोसतात याच्या चाचण्या आयएसओ १६७५०-३ या मानकानुसार होतात. त्यात इंजिनवरच्या पार्टला वेगळे हादरे, बॉडीवरच्याला वेगळे.

फाटा फुटतो तो गाडी कारखान्याबाहेर पडल्यावर. आपल्याकडे बसची चासी एकीकडे तयार होते आणि बॉडी दुसरीकडे. एसटीच्या बॉड्या महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत बांधल्या जात आल्या आहेत. चासीचं वायरिंग एकाच्या हातचं, दिव्यांचं दुसऱ्याच्या. पुण्यात १९६६ पासून काम करणारी एआरएआय ही संस्था वाहनांची एआयएस मानकं प्रसिद्ध करते, आणि त्यांत बसच्या बॉडीसाठी एआयएस-०५२ हा स्वतंत्र कोड आहे. रस्त्यावर लावलेल्या जादा हॉर्नला, फॉगलॅम्पला आणि रोषणाईला मात्र कोणी विचारत नाही. धागे पिळून टेप गुंडाळायची, लोंबतं राहिलेलं खोचून द्यायचं, की झालं. उंदराने खाल्ली म्हणून ज्या वायरींचा दोष उंदराच्या माथी मारला जातो, त्यांतल्या कित्येक त्याने पाहिलेल्याही नसतात.

खरा गुन्हेगार ओळखता येतो. उंदराचे दात दोन्ही बाजूंनी कुरतडल्याच्या खुणा सोडतात आणि खाली इन्सुलेशनचा चुरा पडतो. घासलेल्या जागी इन्सुलेशन एकाच बाजूने चपटं होतं आणि समोरचा पत्रा चमकायला लागलेला असतो. तिथला रंग उडालेला दिसेल. आणि आतून थकून तुटलेली वायर शोधायची तर तिला जोडापाशी दोन बोटांत धरून हलकं ओढावं. तांबं शाबूत असेल तर ती ताणली जात नाही. तुटलेलं असेल तर तेवढीच जागा रबरासारखी लांबते आणि बारीक होते, कारण आता तिथे फक्त प्लॅस्टिक उरलेलं असतं. मीटर लावून शोधायचं तर इंजिन चालू ठेवून हार्नेस टप्प्याटप्प्याने हाताने हलवायचा आणि काटा कुठे उडतो ते बघायचं. गाडी उभी आणि थंड असताना ओहम मोजून हे दुखणं सापडत नाही; शिल्लक राहिलेला एक धागासुद्धा मीटरच्या नगण्य प्रवाहाला सहज पुरतो.

इलेक्ट्रिक गाड्यांत इंजिनची थरथर गेली, रस्ता तोच राहिला. तिथल्या नारिंगी केबल अंगठ्याएवढ्या जाड आणि जड असतात, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात क्लिपवर येणारा धक्काही मोठा. काही ठिकाणी वजन वाचवायला तांब्याऐवजी ॲल्युमिनियम वापरतात, आणि ते थकण्याच्या बाबतीत तांब्यापेक्षा नाजूक. एक गोष्ट मात्र या गाड्यांत मुळातच वेगळी आहे. साध्या गाडीत बॉडी हीच बॅटरीची ऋण बाजू, म्हणून वायर एकदा पत्र्याला टेकली की शॉर्ट. इलेक्ट्रिक गाडीत जास्त दाबाच्या सर्किटचं कोणतंच टोक बॉडीला जोडलेलं नसतं, आणि अनेक गाड्यांत ते अलगपण एक सर्किट सतत मोजत बसलेलं असतं. केबल कुठे घासून उघडी पडली, तर पहिल्या स्पर्शाला ठिणगी उडत नाही. डॅशबोर्डवर इशारा येतो. तो इशारा पावसात येऊन उन्हात गेला तरी गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्येच न्यावी, आणि नारिंगी केबलला कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनचा टेस्ट लॅम्प लावू देऊ नये.